तिसरा हेडसेट

१

मावशीच्या दाराची बेल वाजवण्यात काही अर्थ नसे. टिटवी आपल्याजवळच्या किल्लीनं दार उघडायची, बाहेरच्या खोलीतला दिवा दोनदा लावून विझवायची, आणि मग टीव्हीच्या गदारोळात बसलेली मावशी मान वळवून म्हणायची, "आलीस होय? अगं, बेल तरी वाजवायची!"

"वाजवली!" टिटवी धडधडीत खोटं ओरडायची.

"ओरडतेस कशाला? मी काय बहिरी आहे?"

हा त्यांचा रोजचा खेळ होता आणि दोघींनाही त्यात भारी मजा वाटायची. टिटवी हे नावही मावशीनंच ठेवलेलं, कारण लहानपणी या भाचीच्या तोंडाला क्षणाची उसंत नसे. पुढं भाची मोठी झाली, मावशीकडूनच विमान चालवायला शिकली आणि त्याच फ्लाइंग क्लबात मावशीच्या जोडीनं नवशिक्यांना शिकवू लागली. नाव चिकटलं ते चिकटलंच. आवाज मात्र दोघींचा इतका एक, की फोनवर मावशीची सख्खी बहीण, म्हणजे टिटवीची आईसुद्धा हमखास फसायची.

त्या दिवशी टिटवी आत आली तर टीव्ही बंद होता. मावशी खिडकीशी बसली होती. दिवा लावायच्या आतच तिनं मान वळवली.

"डॉक्टर म्हणाले, कान गेले."

"दोन्ही?"

"मग काय एकेक करून जातात?" तिच्या ओठांवरून शब्द ओळखत मावशी हसली, पण ते हसू अर्ध्यातच राहिलं. "इंजिनांनी खाल्ले गं. उभ्या आयुष्याची घरघर. आता एकच वाट आहे म्हणतात. ते स्वतः माझ्या विमानात मागच्या सीटवर बसणार. मी विमान चालवायचं आणि हेडसेटमधून जे ऐकू येईल ते परत बोलून दाखवायचं. जमलं तर लायसन राहील. नाही जमलं तर..."

"तर तू घरी बसशील आणि माझं डोकं खाशील," टिटवी म्हणाली. तिनं विनोद केला खरा. विमानाशिवायची मावशी तिला डोळ्यांसमोर आणताच येईना, आणि आणावीशीही वाटेना.

"हेडसेट कुठाय तुझा?"

मावशीनं तो दाखवला. हिरवा, जडशीळ, कानाची एक गादी चिकटपट्टीनं बांधलेली.

"हा हेडसेट नाही," टिटवी म्हणाली. "हा कान खाल्ल्याचा पुरावा आहे. ऊठ, नवा घेऊन येऊ."

२

पायलटांच्या सामानाचा दुकानदार मुद्दाम हळू बोलायचा. आपल्याला कमी ऐकू येतंय असं गिऱ्हाइकाला वाटावं म्हणूनच हा असं बोलतो, असा टिटवीला दाट संशय होता. दुकानात एका मोठ्या स्पीकरवर विमानाच्या इंजिनचा आवाज लावून ठेवलेला, आणि त्या कल्लोळात हा गृहस्थ कुजबुजत उभा.

"साधा हेडसेट नुसते कान बुजवतो," तो म्हणाला. "हा तसला नाही. याच्या आत छोटा माइक असतो. तो इंजिनची घरघर ऐकतो आणि त्याच क्षणी तिच्या बरोब्बर उलटी घरघर तुमच्या कानात सोडतो. दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. उरतं ते फक्त माणसाचं बोलणं."

टिटवीनं हे सगळं मावशीच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं.

"बरं," मावशी म्हणाली, "आणि घरघर खाऊन झाल्यावरही तिची भूक राहिली तर? मग ती काय खाते?"

दुकानदारानं असला प्रश्न जन्मात ऐकला नसावा. "घरघरीच्या खाली काहीच नसतं, बाई."

"तुम्ही बघितलंय?"

"मावशी!" टिटवीनं तिला कोपरानं ढोसलं.

दुकानात तीन तऱ्हा होत्या. तिन्हींचे एकेक जोड, म्हणजे दोघींना एकेक हेडसेट, त्यानं वापरून बघायला दिले, कारण हेडसेट दुकानात निवडायची वस्तूच नव्हे. ती विमानात, चष्म्यासकट, घामासकट आणि भाचीच्या बडबडीसकटच निवडावी लागते. तिसरा जोड त्यानं सगळ्यांत शेवटी काढला. खोकं सीलबंद होतं. ते टिटवीनं आपल्या हातांनी फोडलं, आणि पुढं तिनं स्वतःला ही गोष्ट बऱ्याचदा बजावून सांगितली.

३

क्लबचं चार सीटचं विमान दोघींच्या सवयीचं होतं. डावीकडे मावशी, उजवीकडे टिटवी, दोघींच्या समोर एकेक योक. योक म्हणजे अर्धं कापलेलं स्टिअरिंगच. दोन्ही एकमेकांना आतून जोडलेले, एक हलला की दुसरा आपसूक हलतो. हात घसरू नयेत म्हणून त्यांवर मऊ स्पंजाची कव्हरं घातलेली.

पहिल्या हेडसेटनं मावशीचं डोकं असं काही आवळलं की धावपट्टीच्या टोकाला पोचेपर्यंत तिचे कान लालबुंद झाले. "हा काय कपडे वाळत घालायचा चिमटा आहे?" म्हणून तिनं तो वर चढायच्या आधीच उतरवला.

दुसरा पिसासारखा हलका होता. त्याची अडचण वेगळीच. चष्म्याची काडी कानाच्या गादीखाली आली की बारीक फट पडायची आणि तेवढ्यातून सगळी घरघर आत लोटायची. चष्मा काढला की मावशीला उत्तम ऐकू येई, पण मग धावपट्टी दिसत नसे.

"कान देऊ की डोळे देऊ, ते ठरव," मावशी म्हणाली.

टिटवीनं हवामानाचा कागद वाचून दाखवला आणि मावशीनं जे परत बोलून दाखवलं त्यात निम्म्याहून जास्त तिच्याच मनचं होतं. दोघी हसून हसून बेजार झाल्या. उतरताना मात्र टिटवीनं तो कागद पुन्हा उघडून चुकलेले शब्द मोजले. डॉक्टरांसमोर हे असं झालं तर संपलंच.

४

तिसऱ्याच्या गाद्या लोण्यासारख्या मऊ होत्या. चष्म्याच्या काडीभोवती त्या अशा बसल्या की जणू मावशीच्या कानांचं माप घेऊनच शिवल्या असाव्यात. दोघी वर चढल्या. टिटवीनं दोन्ही वायरींवरची बटणं दाबली, हिरवे दिवे लागले, आणि इंजिन गेलं.

म्हणजे समोर पंखा फिरत होता, काटे जागच्या जागी होते, पायांना थरथरही जाणवत होती. आवाज तेवढा गेला. दार लोटून घेतल्यावर बाहेरचा कलकलाट जातो तसा.

"टिटवे," मावशी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "टिटवे गं, मला माझाच आवाज ऐकू येतोय."

"आणि माझा?"

"तुझा तर नको तितका येतोय!"

मग काय, आनंदाला पारावार राहिला नाही. टिटवी हवामानाचा कागद वाचत सुटली आणि मावशी शब्दन्‌शब्द परत करत सुटली. कागद संपला तशी मावशी गायला लागली. गळा बेसूर, पण दम असा की आभाळ कमी पडावं. खाली नदी उन्हात चमकत होती, ढग कापसाचे ढीग घातल्यासारखे उभे होते, आणि टिटवीला वाटलं, आपण आत्ता जितक्या सुखात आहोत तितक्या आयुष्यात कधी नव्हतो.

त्या शांततेत तिला श्वास ऐकू आला.

यात विशेष काही नव्हतं. विमानातली बोलण्याची यंत्रणा कुणी बोललं की आपोआप उघडते, आणि माइक तोंडाला फार चिकटला असेल तर नुसत्या श्वासानंही उघडते. फस्, मग शांतता, मग फस्.

"मावशी, माइक जरा लांब धर. तुझा श्वास येतोय."

"माझा? मला वाटलं तुझाच."

दोघींनी आपापले माइक लांब केले. श्वास येतच राहिला. टिटवीनं वाऱ्याची झडप लावून घेतली. श्वास येतच राहिला. मागच्या दोन सीटवर कोणी नव्हतं, तिथं हेडसेटही जोडलेला नव्हता. वायर ढिली असणार, टिटवीनं स्वतःला सांगितलं. ते पटण्यासारखं होतं. फक्त एक गोष्ट तिच्या मनातून जाईना. मावशी गाऊ लागली की तो श्वास थांबायचा, आणि गाणं संपलं की सुटायचा. गाणं आवडलेल्या माणसाचा सुटावा तसा.

५

परतीला विमान टिटवी चालवत होती. धावपट्टी समोर आली, टॉवरनं उतरायची परवानगी दिली, आणि हेडसेटमध्ये आवाज आला.

"कंट्रोल माझ्याकडे."

दोन पायलट शेजारी बसले की हे वाक्य फार मोलाचं. ज्याला विमान हातात घ्यायचं असेल त्यानं ते म्हणायचं, दुसऱ्यानं 'कंट्रोल तुझ्याकडे' म्हणून हात काढायचे, आणि पहिल्यानं पुन्हा एकदा 'माझ्याकडे' म्हणायचं. विमान कुणाच्या हातात आहे याबद्दल तिळभर शंका राहू नये म्हणून हा रिवाज. मावशीनं टिटवीच्या अंगात तो इतका भिनवला होता की झोपेतसुद्धा तिनं हात काढले असते.

"कंट्रोल तुझ्याकडे," टिटवी म्हणाली आणि तिनं हात मांडीवर घेतले.

"माझ्याकडे," आवाज म्हणाला. त्यात हसू होतं. आज मावशीला स्वतः उतरवायचंय, टिटवीच्या मनात आलं, आणि ते तिला फार आवडलं. ती खिडकीला टेकून समोर बघत राहिली.

विमान उतरलं की नाही हेच कळलं नाही. टिटवी वाट बघत होती, चाकं आता टेकतील, आता टेकतील, आणि बघते तो विमान केव्हाचं जमिनीवर धावत होतं. पाण्यावर पान येऊन बसावं तसं. टॉवरवरचा माणूस एरवी मोजूनमापून बोलणारा, तोसुद्धा म्हणाला, "वा!"

वेग पुरता मंदावल्यावर मावशी म्हणाली, "चल, लाव तूच गाडी," आणि टिटवीनं विमान हँगरशी, म्हणजे विमानांच्या शेडशी, नेऊन लावलं.

६

हँगरच्या दारात क्लबचे मेकॅनिककाका टाळ्या वाजवत उभे होते. "कोणाचा हात हा? असं लँडिंग मी अख्ख्या नोकरीत पाहिलं नाही!"

"हिचा!" दोघी एकदम म्हणाल्या, एकमेकींकडे बोट दाखवत.

काका हसत हसत चहा सांगायला गेले.

"पुरे गं," मावशी म्हणाली. "मला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नकोस. तू उतरवलंस आणि फार सुंदर उतरवलंस."

"मी? मावशी, कंट्रोल तू मागितलंस."

"मी कुठं? तू मागितलंस. 'कंट्रोल माझ्याकडे' म्हणालीस. मला जरा नवल वाटलं, विमान तुझ्याच हातात असताना ही परत का मागते. पण म्हटलं, नीट सांगतेय तर सांगू दे. मी 'तुझ्याकडे' म्हणाले."

"तू 'तुझ्याकडे' म्हणालीस? कधी?"

"तू विचारल्यावर लगेच."

"तेव्हा मी म्हणत होते."

दोघी एकाच वेळी, एकाच आवाजात तेच शब्द बोलल्या होत्या, आणि प्रत्येकीला फक्त आपलंच बोलणं ऐकू आलं होतं. टिटवीला हे पायरीपायरीनं कळत गेलं, आणि प्रत्येक पायरीवर हसू थोडं थोडं कमी होत गेलं.

"तुझे हात कुठं होते, मावशी?"

मावशीनं आपले दोन्ही तळहात वर केले आणि त्यांच्याकडे अशी बघू लागली की जणू तेच उत्तर देणार होते. "मांडीवर," ती म्हणाली.

नीट जुळवून ठेवलेलं विमान बराच वेळ आपलं आपण सरळ खाली येऊ शकतं, टिटवीला माहीत होतं. वारा पडलेला होता. हेही ती स्वतःला सांगत राहिली. पण अगदी शेवटी, जमीन हातभर उरली की नाक अलगद वर उचलावं लागतं आणि इंजिन कमी करावं लागतं. ते आपलं आपण होत नाही. त्याला हात लागतो.

मेकॅनिककाका चहा घेऊन आले. टिटवी गप्प बसलेली काकांनी प्रथमच पाहिली असावी. "बरं नाही का?" त्यांनी विचारलं.

७

दुसऱ्या दिवशी भर दुपारी टिटवी एकटी विमानात जाऊन बसली. हँगरचं दार सताड उघडं होतं, काका पलीकडे रेडिओ लावून एका इंजिनशी झटापट करत होते. भिण्यासारखं काही नव्हतं. तिनं तिसरा हेडसेट घातला, बटण दाबलं आणि विमानाची वीज चालू केली.

काकांचा रेडिओ गेला.

फस्.

टिटवीनं स्वतःचा श्वास रोखला. फस्. तिनं मावशीच्या हेडसेटची वायर उपटली. फस्. मागं वळून पाहिलं. दोन सीट, दोन पट्टे, एक विसरलेली टोपी. मागच्या जोडण्या रिकाम्या होत्या. मग तिनं स्वतःच्या हेडसेटचीही वायर काढली. आता विमानाशी संबंधच उरला नाही. कानांवर होती ती फक्त बॅटरीवरची शांतता.

एक श्वास आत घेतला गेला आणि बाहेर आला नाही.

टिटवी बसून राहिली. समोरच्या भिंतीवर पाने, पकडी, हातोड्या ओळीनं टांगलेल्या होत्या. ती त्या बघत राहिली आणि तिला स्पष्ट जाणवलं की कोणीतरी श्वास रोखून धरलाय. लपाछपीत लपलेलं पोर, हसू फुटू नये म्हणून धरतं तसा. त्यात वाईट काही नव्हतं, हीच त्यातली वाईट गोष्ट होती. तिनं वायर परत खोचली.

सुटला. लांबलचक, अगदी मजेत.

टिटवी विमानातून उतरली ती थेट काकांच्या रेडिओशी जाऊन उभी राहिली. आवाज आणखी मोठा करा, असं तिनं त्यांना सांगितलं.

८

"दुसरा घेऊ," ती मावशीला म्हणाली. "चष्म्याच्या काड्या बारीक करून घेऊ. काहीतरी करू. हा नको."

त्यांनी दुसरा पुन्हा वापरून पाहिला. बारीक काड्यांचा चष्माही आणून पाहिला. मावशीला निम्मंच ऐकू आलं. तिसरा घातला की सगळं यायचं. परीक्षा तर तोंडावर आली होती.

मावशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तो हेडसेट पुढ्यात घेऊन बसली होती. टिटवीनं सगळं सांगितलं, श्वासाचं, वायरीचं. मावशीनं ते तिच्या ओठांकडे बघत शांतपणे ऐकून घेतलं.

"मला भीती वाटत नाही असं नाही," ती म्हणाली. "पण खरं सांगू? उडायचं बंद झालं तर मी या टेबलाशी बसून राहणार. त्याची मला जास्त भीती वाटते. ज्यात मला ऐकू येतं तोच मी घेणार. थोडं जास्तीचं ऐकू येतं, तर येऊ दे."

"आणि त्यानं परत कंट्रोल मागितलं तर?"

"मागू दे की," मावशी म्हणाली. "मागितलेलं सगळं द्यायचं असतं होय? मी इतकी वर्षं पोरांना शिकवते. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच कंट्रोल हवं असतं."

आणि ती इतकी मनापासून हसली की टिटवीलाही हसू आवरेना.

९

कानाचे डॉक्टर विमानाला भयंकर भीत. आले तेच मुळी जीव मुठीत धरून. मागच्या सीटवर बसून, मावशीचा जुना हिरवा हेडसेट चढवून त्यांनी पट्टा इतका आवळला की त्यांना स्वतःलाच धड बोलता येईना. मावशी डावीकडे, आणि काही बिनसलंच तर हाताशी असावी म्हणून टिटवी उजवीकडे.

"नियम सांगतो," डॉक्टर म्हणाले. "हेडसेटमध्ये जे ऐकू येईल ते परत बोलायचं. एकही सुटता कामा नये. सुटलं तर मला सही करता येणार नाही."

"आमच्या धंद्यातही असंच असतं, डॉक्टर," मावशी म्हणाली. "टॉवरनं ज्याला सांगितलं त्यानंच ते परत बोलायचं, दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही. परत बोललं म्हणजे मान्य केलं. मग टॉवर 'बरोबर' म्हणतो आणि विषय संपला."

"छान. मग मीही 'बरोबर' म्हणेन."

वर गेल्यावर डॉक्टर डोळे मिटून वाक्यं सोडू लागले.

"निळी छत्री दाराशी ठेवली आहे."

"निळी छत्री दाराशी ठेवली आहे."

"बरोबर. मांजर कपाटावर झोपलं."

"मांजर कपाटावर झोपलं. आणि डॉक्टर, डोळे उघडा, नदी बघा."

"नदी नको. पण बरोबर."

एकही वाक्य सुटलं नाही. टिटवीचा ऊर भरून आला होता. मावशी परत तिशीतली झाली होती, पाठ ताठ, डोळ्यांत चमक. श्वास येत होता, पण आज विमानात तीन माणसं होती. कुणाचा कोणता ते कोण सांगणार?

धावपट्टी समोर आली. टिटवीनं हात मुद्दाम मांडीवर घट्ट दाबून धरले.

"कंट्रोल माझ्याकडे," आवाज म्हणाला.

मावशीनं योकवरची पकड आवळली. सगळ्या जन्माची सवय तिच्या ओठांपर्यंत आलेली टिटवीला दिसली. ओठ हललेही.

"नाही," मावशी म्हणाली. "कंट्रोल माझ्याकडे."

विमानाला बारीकसा हिसका बसला. टिटवीची नजर आपल्यासमोरच्या योकवर गेली. त्याला कुणाचा हात लागलेला नव्हता. पण कव्हराच्या स्पंजात चार बोटांचे खळगे पडले होते, शेजारी शेजारी, खोल. ती बघत असतानाच एकेक खळगा हळूहळू भरून येऊ लागला, हात निघाल्यावर येतो तसा. एक सगळ्यांत उशिरा भरला.

मग विमान धाडकन टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं, डॉक्टर किंचाळले, आणि त्या सगळ्या गोंधळाखाली हेडसेटमध्ये आणखी काहीतरी बोललं गेलं. काय ते टिटवीला कळलं नाही.

मावशीचं ते आयुष्यातलं सर्वांत ओबडधोबड लँडिंग होतं. पण ते तिचं होतं, आणि टिटवीला आनंदानं रडू फुटलं.

१०

हँगरशी इंजिन बंद झालं. मावशीनं वीज तोडली, हेडसेट काढला. टिटवीचा गळ्याभोवती लटकत होता. डॉक्टरांनी जमिनीवर उतरून आधी दोन्ही पाय आपटून पाहिले, मग त्यांच्या जिवात जीव आला.

"कान उत्तम!" ते म्हणाले. "लँडिंगबद्दल मी बोलणार नाही, तो माझा विषय नाही. पण एक वाक्य सुटलं."

मावशी हेडसेटची वायर गुंडाळू लागली.

"तुम्ही नाही म्हणालात, त्यावर या तुमच्या भाचीबाई काहीतरी म्हणाल्या. मला मागं बसून स्वच्छ ऐकू आलं. तुम्हाला नाही आलं?"

"आलं," मावशी म्हणाली.

"मग बोला ना. सांगितलं होतं, जे ऐकू येईल ते. तेवढं बोललात की मी सही करून मोकळा."

"ते मी बोलणार नाही."

"अहो, तीन साधे शब्द आहेत! 'मग पुढच्या वेळी.' बस. ते परत म्हणा."

टिटवीच्या अंगावर काटा उभा राहिला. आपण तोंड उघडलंच नव्हतं, हे सांगायला तिनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिचं लक्ष मावशीकडे गेलं.

"चुकलं म्हणून लिहा, डॉक्टर," मावशी शांतपणे म्हणाली. "सही नका करू."

तिनं विमानाच्या पत्र्यावर हात ठेवला होता. निरोप घेताना माणूस ठेवतो तसा. टेबलाशी बसून राहायची तयारी तिनं एका क्षणात केली होती, आणि ते टिटवीला सहन झालं नाही.

"थांबा हो, डॉक्टर," ती घाईघाईनं म्हणाली. "सुटलं कसं म्हणता? आमचा नियम मावशीनं तुम्हाला मघाशीच सांगितला. ज्याला सांगितलं त्यानंच परत बोलायचं. ते मावशीला सांगितलेलं नव्हतंच. पुढच्या वेळी विमान माझ्या हातात असणार आहे. तेव्हा ते मला होतं."

"टिटवे, गप्प बस," मावशी म्हणाली. एवढ्या हळू आवाजात ती आजवर कधीच बोलली नव्हती.

"ती गप्प राहिली हेच नियमाप्रमाणे झालं. परत बोलायचं ते मी." टिटवीनं मान वर केली आणि हसून म्हटलं, "मग पुढच्या वेळी."

"असं होय!" डॉक्टरांना हे एकदम पटलं. त्यांनी खिशातून पेन काढलं, मावशीच्या कागदावर झोकात सही ठोकली आणि कागद तिच्या हातात दिला. "घ्या. उडा खुशाल."

मावशीनं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती टिटवीकडे बघत होती.

टिटवी मात्र हसत होती. मावशी उडणार होती, आणखी काही वर्षं तरी बेसूर गाणार होती, या एकाच गोष्टीनं तिचं मन काठोकाठ भरलं होतं. तिनं मावशीला मिठी मारायला हात पसरले, आणि गळ्यात लटकलेल्या, वायर सुटी लोंबणाऱ्या हेडसेटमधून, तिच्या हनुवटीखाली, तिच्याच आवाजात कोणीतरी आनंदानं म्हणालं, "बरोबर."